भित्रा सलोतरी

बिराजी सलोतरी पालीला भीत. साधी घरातली पाल. दवाखान्यात औषधांच्या फळीमागं ती चुकचुकली की हातातली बाटली तशीच ठेवून ते अंगणात येत आणि तिथून मला विचारत, "गोविंदराव, हाय का गेली?" गेली म्हणून सांगितलं तरी थोडा वेळ बाहेरच उभे राहत.

मी तेव्हा अंबडच्या ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. तिशी ओलांडलेली, दोन लेकरं पदरात. निजामाच्या राज्यात जनावरांच्या डॉक्टरला जुनी माणसं सलोतरी म्हणत. बिराजी हैदराबादला शिकून आले होते, सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. पण बाजारात त्यांना डॉक्टर असं कुणी म्हटलं नाही. ते सलोतरीच राहिले.

उंची बेताची, अंग काटकुळं, डोक्याला फेटा आणि उजवा हात डाव्यापेक्षा जरा लांब वाटेल असा. भीती मात्र अंगापेक्षा मोठी. वीज कडाडली की ते पलंगाखाली परात आहे का ते बघत. लोखंड घरात असू नये असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. वाटेनं चालताना टाळ्या वाजवत, सापानं ऐकावं म्हणून. दाराकडं पाठ करून कधी बसत नसत. कोटाच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी असे. तिच्यावर नाव, वाटूरजवळच्या धनगरवाड्याचा पत्ता, आणि खाली उर्दूत व मोडीत एकच ओळ: मेलो तर आईला हळूच सांगावं.

"हळूच कशाला?" मी एकदा विचारलं.

"तिचा एक गेला ना आधी. त्यो सांगावा ओरडत आल्ता."

बाप मेंढरांमागं बिऱ्हाड घेऊन हिंडणारा. बिऱ्हाड लादायला दोन तट्टं. नदी उतरताना त्यातल्या एका घोडीनं लाथ झाडली आणि बिराजींचा थोरला भाऊ पाण्यातच गेला. बिराजी तेव्हा घोडीची मोहरकी, तिच्या तोंडाची दोरी, धरून उभे होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर लगेच उठून दाराची कडी तपासली.

असा माणूस घोड्यांचा वैद्य झाला. त्यातही घोडीचा. आणि घोडीचा वैद्य उभा राहतो तो तिच्या मागच्या पायांशी.

त्यांचं काम मी शेकडो वेळा पाहिलं असेल. आधी कोट काढत, अंगठी काढून माझ्याकडं देत, मग साबणानं उजवा हात खांद्यापर्यंत धूत. धुताना हात लटलट कापत असे, साबण दोनदा तरी निसटे. बघणारी माणसं हसत. मग घोडीच्या पुठ्ठ्यावर डावा हात ठेवून ते तिच्या शेजारी उभे राहत आणि डोळे मिटत. उजवा हात गुदमार्गानं आत जाई, कोपरापर्यंत, पुढं त्याच्याही वर. तिथं आतड्याच्या पातळ भिंतीपलीकडं त्यांना घोडीचं अंडाशय सापडे. एकदा सापडलं की कापरं थांबे. आवाजही बदले.

"डावं गुमसुम हाय. उजव्याला फोड धरलाय, लिंबाएवढा. अजून टणक लागून राह्यलाय. परवा मऊ होईल, मंग फुटंल."

मी वहीत लिहून घेई. हात बाहेर आला की पुन्हा थरथर सुरू.

एकदा पोलिसांचे अमीनसाहेब आपली घोडी घेऊन आले. शेजारच्या गावात एक उमदा घोडा दोनच दिवसांसाठी आला होता. अमीनसाहेबांना त्याच दिवशी घोडी लावून घ्यायची होती. बिराजींनी तपासलं आणि म्हणाले, "आज न्हाई, साहेब. परवा दुपारी."

"घोडी माजावर आहे. आंधळा आहेस का?" अमीनसाहेबांच्या हातात छडी होती.

बिराजी दोन पावलं मागं सरकले. चेहरा पांढराफटक. "माजावर हाय, जी. पर माज हप्ताभर ऱ्हातो. बीज सुटतं शेवटाला. आज लावली तर बेकार जाईल."

"आणि परवा लावून नाही ठरली तर?"

"तर तुमी हाईत आन् मी हाय," बिराजी म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की अमीनसाहेबांना वाकून ऐकावं लागलं. पण परवाचं काही त्यांनी आजचं केलं नाही. अमीनसाहेबांनी घोडेवाल्याला एक दिवस दरडावून थांबवून घेतलं, आणि त्या घोडीला पुढं शिंगरू झालं. ते शिंगरू होईपर्यंतचे अकरा महिने बिराजी अमीन कचेरीच्या रस्त्यानं गेले नाहीत. बाजाराला लांबून वळसा घालून जात.

हे सगळं घोडीच्या अंगात कसं चालतं ते त्यांनी मला दुपारच्या रिकाम्या वेळात समजावलं. "मेंदूच्या बुडाला हरभऱ्याएवढी गाठ असती, गोविंदराव. दिवस मोठा व्हाया लागला की डोळ्यावाटं तिला खबर जाती. मंग ती रक्तातून एक रस सोडती. त्यो रस अंडाशयाला पोचला की तिथं पाण्याचा फोड धरतो. फोड पिकला की त्याचा सोताचा रस रक्तात जातो, आन् घोडी माजावर येती. फोड फुटतो, बीज सुटतं, आन् त्याच जागी दुसरी गाठ धरती. तिचा रस म्हणतो, बस्स, आता माज बंद. समदं बराबर एकामागं एक." या रसांना आता संप्रेरकं म्हणतात. तो शब्द मी फार उशिरा, नातीच्या पुस्तकात वाचला. तेव्हा आमच्याकडं तो नव्हता. बिराजी 'रस' म्हणत आणि मला ते पटत असे.

आता हरणीची हकीकत सांगतो, म्हणजे बिराजी कोण होते ते कळेल.

घनसावंगीच्या पुढं, गोदेच्या अलीकडं एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या देशमुखांची नातवंडं अजून नांदती आहेत. देशमुखांकडं हरणी नावाची घोडी होती, तांबूस रंगाची, आजोबांच्या वेळेपासूनच्या वाणातली शेवटची. तिच्यापासून त्यांना शिंगरू हवं होतं. ते झालं नाही, आणि घोडी बिघडत गेली. मग एक दिवस त्यांच्याकडून निरोप आला: सलोतरीला ताबडतोब पाठवा. निरोप आणणारा गडी सामान घ्यायलाही थांबू देईना.

आम्ही पोचलो ते सकाळी. वाड्याच्या मागं पागा होती आणि तिच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. घोडी साखळदंडानं जखडलेली. पुढच्या पायांना अगाडी, मागच्यांना पिछाडी, गळ्यात दोन साखळ्या. मान घोड्यासारखी जाड झालेली, आणि आम्हाला बघून ती जी खिंकाळली ती घोडीची खिंकाळी नव्हती. मी जनावरांत आयुष्य काढलं, पण तो आवाज ऐकून मी पागेच्या दारातच थांबलो.

देशमुख ओसरीवरूनच बोलले. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. "वरसभर माज न्हाई. दुसऱ्या घोड्यांवर चढती, वळूगत. तीन हप्त्यांमागं तिला सांभाळणाऱ्या किसन मोतद्दाराला भिंतीशी दाबून मारलं. छातीचा पिंजरा मोडला त्याच्या. दातानं धरून उचललं आधी."

"मारून का टाकली न्हाई?" बिराजींनी विचारलं.

"मारून काय हुतंय? घोडी न्हाईच ती. करणी हाय तिच्यावर. करणारी घावलीय." त्यांनी कोठाराच्या बंद दाराकडं बोट केलं.

दारामागं रखमा होती. धनगराची विधवा, पागेतलं शेण काढून गोवऱ्या थापणारी, पस्तिशीची बाई. किसन मेल्यावर त्या घोडीजवळ जायची कुणाची छाती होईना. रखमा मात्र सरळ जाऊन पाणी ठेवून यायची, घोडी तिला काही करत नसे. तेवढंच तिच्या अंगाशी आलं. बाकी सगळ्यांना मारते आणि हिला सोडते, म्हणजे हिनंच काहीतरी घातलंय. देशमुखांच्या आईसाहेबांनी देवऋषी बोलावला, त्यानं कौल दिला, आणि चार दिवसांवर आलेल्या अमावस्येला रखमाच्या तोंडून करणी कबूल करून घ्यायची असं ठरलं. कबूल कशी करून घेतात ते मला ठाऊक होतं. आमच्या मामाच्या गावी एक बाई अशाच कबुलीतून परत आली नव्हती.

"मंग आमाला कशाला बोलावलं?" बिराजींचा आवाज खोल गेला होता.

"सरकारी माणसानं एकदा बघितलं म्हंजी पुढं कुणी बोलाया नको."

म्हणजे आम्ही नुसते साक्षीला होतो. घोडीत दोष नाही असं आमच्याकडून वदवून घ्यायचं आणि मग मोकळं व्हायचं.

बिराजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. "तपासायची तर डोक्याशी कुणीतरी पाहिजे," ते म्हणाले. "त्या बाईला आणा."

ओसरीवर एकदम कालवा झाला. आईसाहेब आतून ओरडल्या, "तिनं नुसता हात लावला तरी घोडी याला फाडंल!" पण रावसाहेबांना वाटलं असावं की त्यानंही करणीच सिद्ध होईल. त्यांनी दार उघडायला लावलं. रखमा बाहेर आली ती डोळ्यांवर हात धरून. तिच्या एका कानाची पाळी फाटलेली होती आणि रक्त सुकलं होतं.

"बाई, तिच्यासंगं बोलत ऱ्हा," बिराजी म्हणाले. "थांबू नगा. मी म्हणंस्तवर थांबू नगा."

रखमानं घोडीचं तोंड कवेत घेतलं. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं, नुसती गुणगुण. बिराजींनी साबण लावला. साबण तीनदा निसटला. कुणी हसलं नाही. मग ते घोडीच्या बगलेशी गेले, डोळे मिटले, आणि हात आत घातला.

हात कोपराच्याही वर गेला. घोडीची कातडी सारखी थरारत होती. एकदा मागचा पाय उचलला, साखळी खणखणली, आणि मी डोळे मिटून घेतले.

"उजवं सुपारीएवढं," बिराजींचा आवाज आला. अगदी शांत. "वाळून गेलंय. डावं... डावं हाताच्या पंज्यात मावंना. नारळ हाय गोविंदराव, सोललेला नारळ. लिव्हा."

हात धुऊन ते ओसरीखाली उभे राहिले. "रावसाहेब, करणी न्हाई. डाव्या अंडाशयाला गाठ आलीय. ती घोड्याचा रस रक्तात सोडून राह्यली, म्हणून ही घोड्यागत वागती. त्या रसानं मेंदूतली खबर बंद पडली, म्हणून उजवं वाळलं. ह्यात त्या बाईचा काही संबंध न्हाई."

रावसाहेब ओसरीच्या कडेला आले. मग म्हणाले, "दाखवा."

"जी?"

"गाठ हाय म्हणता ना. मला दिसली पायजे. पोटातलं तुमच्या हाताला कळतं, आमाला कसं कळावं?"

"पोट फाडावं लागंल."

"फाडा. पर घोडी मेली तर त्या बाईचं काय करायचं ते आमी बघू. आन् तुमचं बी. सरकार अंबडला हाय. हितं मी हाय."

बिराजी पागेच्या मागं गेले. मी गेलो तेव्हा ते भिंतीला धरून ओकत होते. तोंड पुसून म्हणाले, "गाडीवाल्याला जुंपाया सांगा. जल्दी." मलाही तेच हवं होतं. रखमाला पुन्हा कोठारात ढकलताना मी बघितलं आणि नजर वळवली. हे लिहिताना लाज वाटते, पण मी नजर वळवली.

गाडी गावाबाहेर पडली. बिराजी गुडघे छातीशी घेऊन बसले होते. शिवेवरचा ओढा आला तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि खाली उतरले. मला वाटलं पुन्हा ओकारी आली.

"तुमी जा," ते म्हणाले. "क्लोरोफॉर्म आणा, दोन बाटल्या. गाठ आवळून काढायचं साखळीचं औजार, रेशीम, टाक्याला तात, मोठ्या सुया. उद्या सांजच्याला परत या. तवर मी घोडीला उपाशी ठेवतो."

"अहो, तुम्ही ही शस्त्रक्रिया केलीय कधी?"

"हैदराबादला एकदा पाह्यली. उस्तादांनी केलती."

"मग?"

"ती घोडी मेली."

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, बसा गाडीत." त्यांना डॉक्टर म्हणण्याची ती माझी पहिली वेळ.

ते ओढ्याकडं बघत होते. "मला रोजच भ्या वाटतं, गोविंदराव. कशाकशाचं वाटतं. पर आज गेलो तर त्या बाईचं तोंड मला दिसंल रोज. त्याचं भ्या मला न्हाई सोसायचं." आणि टाळ्या वाजवत, सापाच्या धास्तीनं टाळ्या वाजवत, ते एकटे गावाकडं परत निघाले.

मी दुसऱ्या दिवशी सामान घेऊन आलो. वाटेत दोनदा मनात आलं की आजारी पडल्याचा निरोप धाडावा. बिराजी पागेच्या दारात बसलेले दिसले. पाठ भिंतीला, तोंड कोठाराकडं. रात्रभर तिथंच होते म्हणे. रखमाला भाकरी त्यांनी स्वतःच्या हातानं दिली, दुसऱ्या कुणाचं तिला खाऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, लिंबाखाली, कडब्याच्या जाड थरावर घोडी पाडली. सगळा गाव भिंतीवर, माळवदांवर चढून बघत होता, आणि तरी इतकी शांतता की घोडीचा श्वास ऐकू येत होता. क्लोरोफॉर्म शिंपडलेला तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी, मी तिच्या तोंडाशी धरला होता. कमी पडला तर घोडी उठून आम्हाला मारील, जास्त झाला तर ती मरेल आणि बाकीचे आम्हाला मारतील. रखमा डोक्याशी बसून तिच्या नाकपुड्या बघत होती आणि मला सांगत होती, "दम घेतीया. दादा, दम घेतीया."

बिराजींनी डाव्या कुशीत वीतभर चीर घेतली. मग हात आत गेला. मी त्यांचा चेहरा बघत होतो, कारण जखमेकडं बघवत नव्हतं. घामाचे थेंब नाकावरून गळत होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. साखळीचं औजार आत सरकवलं, आणि मूठ फिरवायला लागले. चाकाचा एकेक दात पुढं. कट. थांबायचं. कट. थांबायचं. घाई केली तर शीर तुटून आतल्या आत रक्त वाहिलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं. तेवढ्यात घोडीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि श्वास थांबला.

"दादा!" रखमा किंचाळली.

मी तोबरा फेकला. रखमानं घोडीची जीभ ओढून धरली, मी छातीवर बुक्क्या मारत सुटलो. माळवदावरून कुणीतरी म्हणालं, "मेली." खाली माणसं सरकायला लागल्याचा आवाज आला. बिराजींनी डोळे उघडले नाहीत. औजार फिरवणंही थांबवलं नाही. कट. थांबायचं. कट.

आणि घोडीनं श्वास घेतला.

चीर वाढवावी लागली तेव्हा कुठं गाठ बाहेर आली. बिराजींनी ती परातीत ठेवली, रावसाहेबांच्या पुढ्यात, आणि सुरीनं मधोमध कापली. आत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे, कप्प्यांत लालसर पाणी. माणसं पुढं लोटली. आम्ही जिंकलो असं मला वाटलं.

तेव्हा देवऋषी बोलला. तो सकाळपासून कोपऱ्यात बसून होता. उठून परातीत वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्योच त्यो गोळा! हिनंच घातलेला. मी सांगितलं नव्हतं?"

मग सगळ्या माना रखमाकडं वळल्या. ती अजून घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, हात रक्तानं माखलेले. आईसाहेबांनी आतून हंबरडा फोडला. दोन गडी पुढं आले. माझ्या हातात मोकळी बाटली होती, ती मी घट्ट धरली. कशासाठी ते मला अजून कळत नाही.

बिराजी घोडीच्या कुशीला टाके घालत होते. मान वर न करता त्यांनी गड्यांना सांगितलं, "तिला हात लावू नगा." आवाज कापत होता, दात एकमेकांवर आपटत होते. गडी थांबले नाहीत. तेव्हा ते उठून उभे राहिले, हातात सुई, सुईत तात, कोपरापर्यंत रक्त.

"रावसाहेब, माझं ऐका, मंग काय करायचं ते करा. घोडी बारा दिवस धडपडली न्हाई पायजे. टाका तुटला तर आतडं भुईवर यील. शुद्धीवर आल्यावर तिला धरणारं तुमच्या गावात एकच माणूस हाय. मला न्हाई धरता येणार, मला तिचं भ्या वाटतं. ह्या देवऋषीला म्हणा तू धर. किसनचं काय झालं ते त्यानं बी पाह्यलंय." थोडं थांबून ते म्हणाले, "घोडी पायजे आसंल तर ही बाई पायजे. जित्ती पायजे, धडधाकट पायजे. न्हाईतर मी टाके घालत न्हाई. ह्यो बसलो." आणि खरंच ते कडब्यावर बसले. अर्धी कूस उघडी होती.

रावसाहेबांनी देवऋषीकडं बघितलं. "धरतो?" देवऋषी म्हणाला, "अमावस्या होऊ द्या." रावसाहेब म्हणाले, "आत्ता इचारतोय. धरतो का?" तो पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला. रावसाहेबांनी हातानं गड्यांना मागं सारलं.

बिराजी तिथं बारा दिवस राहिले. अमावस्या आली आणि गेली. ते आणि रखमा पागेतच असत, ती घोडीपाशी आणि हे दारात. मी येऊन-जाऊन होतो. टाके घातल्यावर तिसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा घोडी जाते असं वाटलं. बिराजींनी जखम दिवसातून चारदा धुतली. दर वेळी साबण हातातून निसटायचा. बाराव्या दिवशी पहाटेच टाके काढले आणि लगेच रखमाला आमच्या गाडीत बसवून आणलं. कुणाला विचारलं नाही. तिला त्यांनी वाटूरकडं आपल्या आईजवळ पाठवून दिलं.

खिंकाळी दोन महिन्यांत बदलली. मानेवरचा तो जाडपणा हळूहळू उतरला. हे आम्हाला बाजारकऱ्यांकडून कळत होतं. देशमुखांकडून काही नाही. बिराजी मात्र रोज हिशेब मांडायचे: आता मेंदूतली खबर सुरू झाली असंल, आता उजव्यात पाणी धरत असंल. थंडी सरली, दिवस मोठे झाले. होळीनंतर रावसाहेबांचा गडी आला. फक्त एवढंच म्हणाला, "हरणी माजावर आलीया."

आम्ही गेलो. या वेळी एका पोरसवद्या मोतद्दारानं घोडीला नुसत्या मोहरकीवर धरलं होतं. बिराजींनी हात आत घातला, डोळे मिटले. "उजवं," ते म्हणाले आणि पुढं बोलेचनात. मी लिहायला थांबलो होतो. बघतो तर त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "उजवं पेरूएवढं. मऊ. उद्या फुटंल. लिव्हा गोविंदराव, उद्या."

पुढच्या साली हरणीला शिंगरू झालं. रावसाहेबांनी एक तुपाचा डबा पाठवला. रखमाबद्दल त्यांनी तेव्हाही काही विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

नंतरची काही वर्षं आम्ही एकत्र काढली. मग निजामाचं राज्य मोडलं ते वर्ष आलं. गावोगाव दहशत, आज हे गाव जळलं, उद्या ते जळणार, आणि भादव्यात माणसं बोचकी बांधून वऱ्हाडच्या हद्दीकडं निघाली. मीही बायको-लेकरांना बैलगाडीत घातलं. बिराजींची शेवटची भेट त्या रस्त्यावर झाली. त्यानंतर ते वाटूरला आईकडं पोचले, दिवाळीच्या आधी हिवतापानं गेले. अखेरचे दिवस रखमानं त्यांचं केलं. हे सगळं मला पुढं कळलं.

त्या सकाळी रस्त्यावर गाड्यांची रांग होती. चिखल, लेकरांची रडारड, आणि मागून जाळपोळ करणारे येतायत अशी आवई सारखी उठायची. एका बांधाशी एक अडलेली घोडी आडवी पडली होती, धनी तिला टाकून पुढं गेलेला. तिच्यामागं चिखलात पालथे पडलेले बिराजी मला दिसले. हात खांद्यापर्यंत आत.

मी गाडीतून उडी मारली. "डॉक्टरसाहेब, चला! जागा आहे गाडीत."

"शिंगराचा एक पाय मागं दुमडलाय," ते म्हणाले. "सापडला की निघतो."

तेवढ्यात मागच्या गाड्यांतून ओरड झाली, "आले! आले!" पुढं कळलं की कुणीच आलं नव्हतं, कुणाचे तरी बैल बुजले होते. पण तेव्हा सगळ्यांनी एकदम बैल झोडपले. माझी बायको हाका मारत होती. लेकरं किंचाळत होती.

"जा तुमी," बिराजी म्हणाले. "गोविंदराव, तुमची लेकरं हाईत. जा."

मी गेलो. गाडी उधळत पुढं निघाली आणि मी मागं बघत राहिलो. वळणावरून शेवटचं दिसलं तेव्हा शिंगरू बाहेर आलेलं होतं. बिराजी गुडघ्यावर बसून डोक्याचा फेटा सोडून त्याच्या नाकपुड्या पुसत होते. त्यांच्या मागचा सगळा रस्ता रिकामा होता.